अनलॉक करायचा, पण कोणता फोन?

ज्या फोनवर घरातले पैसे येतात-जातात, त्याचा बूटलोडर (म्हणजे काय ते खाली सांगतो) अनलॉक करू नका. आणि जो फोन कंपनीने वाऱ्यावर सोडलाय, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, तो एकदा अनलॉक करून बघितल्याशिवाय भंगारात देऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे. पण क्लासमधल्या पोरांचं एवढ्यावर समाधान होत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी अमळनेरला एमएस-सीआयटीचे वर्ग घेतो. पोरं-पोरी बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतली, काही पारोळ्याकडची, काही चोपड्याकडची. घरी कापूस, मका, थोडी ज्वारी-बाजरी. यूट्यूबवर कुणीतरी दहा-बारा हजारांच्या फोनला पिक्सेलसारखी स्क्रीन करून दाखवतो, गेममध्ये नव्वद एफपीएस काढून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो: "सर, मारू का अनलॉक?" मी मॉडेल नंतर विचारतो. आधी विचारतो, "घरात स्मार्टफोन किती?" उत्तर बऱ्याचदा असतं, "एकच, वडिलांचा." नाहीतर, "माझाच आहे, पण बँकेला लावलेलं वडिलांचं सिम त्यातच असतं." पुण्या-मुंबईत दोन-दोन फोन बाळगणाऱ्याने दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही, तो इथे.

आधी एक गोंधळ मिटवू. दुकानात लोक "लॉक तोडून द्या" म्हणतात ते पॅटर्नचं किंवा पिनचं. परदेशातून आणलेल्या फोनला कधी कधी सिमचं लॉक असतं, ते आणखी वेगळं. बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना अगदी पहिल्यांदा चालणारा छोटा प्रोग्रॅम. जिनिंगच्या गेटवरचा माणूस जसा पावती बघितल्याशिवाय गाडी आत सोडत नाही, तसा हा कंपनीची डिजिटल सही तपासल्याशिवाय पुढची सिस्टीम चालू होऊ देत नाही. अनलॉक करणं म्हणजे त्याला सांगणं, की सही बघू नकोस, मी देईन ते चालव. हे करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, व्हॉट्सॲपच्या चॅट, काही राहत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे आणि योग्यच आहे. नाहीतर बाजारात फोन मारणाऱ्याने बूटलोडर उघडून आपली सिस्टीम घातली असती आणि तुमचा डेटा आरामात बघत बसला असता.

पोरं अनलॉक आणि रूट एकच समजतात. अनलॉक ही पहिली पायरी. त्यानंतर रिकव्हरी, म्हणजे नवी सिस्टीम टाकायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, बसवायची, मग हवी तर रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम, बदलायची. रूट म्हणजे सिस्टीमच्या आतल्या फायलींवर पूर्ण ताबा. ते यापुढचं, आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ जणांना लागतच नाही.

मी स्वतः या सगळ्यात पडलो तो मराठीमुळे. २०११-१२ च्या सुमाराला अँड्रॉइड २.३ च्या स्वस्त फोनवर मराठी पान उघडलं की चौकोन दिसायचे. बातमी असो की कुणाची पोस्ट, नुसत्या चौकोनांच्या रांगा. देवनागरी फॉन्ट सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकायचा तर फोन रूट करावा लागे. टाकला की अक्षरं उमटायची, पण मोडकी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसायची. 'स्थिती' हा एवढासा शब्द दोनदा वाचावा लागे. तरी आम्ही वाचायचो, आणि मित्रांच्या फोनवरही करून द्यायचो. पुढे अँड्रॉइड ४ आलं आणि हळूहळू कंपनीकडूनच देवनागरी नीट मिळायला लागली. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मी एका क्षणात "कर" म्हटलं असतं. आपली भाषा फोनवर वाचायला दुसरा रस्ताच नव्हता, आणि फोनमध्ये गाणी आणि नंबर यांच्यापलीकडे जाण्यासारखं काही नव्हतं.

मग सायनोजेनमॉड या रॉमचा काळ आला. २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिकने सुरू केलेलं हे काम इतकं पसरलं की जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडचा यूरेका ८,९९९ रुपयांत आला तोच मुळी सायनोजेन घेऊन. डिसेंबर २०१६ मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि त्याच माणसांनी लीनेज ओएस उभं केलं, ते आजही चालू आहे. जानेवारी २०१७ मध्ये शाओमीचा रेडमी नोट ४ आला. रॉमवाल्यांच्या भाषेत त्याचं नाव 'मिडो'. आपल्याकडे तो इतका खपला की लग्नाच्या मांडवात चार फोन खिशातून निघाले तर एखादा तोच असायचा.

त्यातलाच एक माझ्या मामेभावाकडे होता. दादाची शेती तापीच्या काठाकडे. त्याने नवा फोन घेतला तेव्हा हा ड्रॉवरमध्ये गेला. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ वर थांबवलं होतं. मुलीला शाळेचे व्हिडिओ बघायला द्यावा म्हटलं तर ॲपच घेईना: 'तुमच्या डिव्हाइसला सपोर्ट नाही.' बॅटरी फुगलेली. बाकी काच शाबूत, पिन शाबूत, आवाज खणखणीत. दुकानदार म्हणाला, भंगार आहे, एक्स्चेंजमध्ये द्या. मी म्हटलं, थांब.

आधी बॅटरी बदलली. मग सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर, शाओमीच्या फोनवर एमआययूआय व्हर्जनवर, सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडलं, ओईएम अनलॉकिंग चालू केलं, सिम घालून मोबाइल डेटावर शाओमीचं खातं फोनला जोडलं. वायफायवर हे जोडणं होत नाही, तिथे बरेच जण अडकतात. मग लॅपटॉपवरचं टूल म्हणतं, १६८ तास थांबा. म्हणजे सात दिवस. मध्ये खातं काढायचं नाही, पुन्हा जोडायचं नाही, नाहीतर मुदत पहिल्यापासून मोजली जाते. ही मुदत मला आवडते. चोरलेला फोन हातोहात उघडून विकायला ती आडवी येते, आणि उतावळ्या पोराला विचार करायला आठवडा मिळतो.

आठवड्याने बंद फोनचं आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलं. कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या रोबोटची दुरुस्ती करतोय, ते चित्र आलं, खाली फास्टबूट लिहिलेलं, म्हणजे फोन लॅपटॉपचे हुकूम घ्यायला तयार. केबल लावली, टूलने टक्के मोजत शंभर गाठलं, फोन आपोआप पुसला गेला आणि परत चालू होताना खाली बारीक अक्षरांत 'अनलॉक्ड' आलं. वहिनी शेजारीच बसून शेंगा निवडत होती. ते दिसलं तशी म्हणाली, "हाई काय लिखेल शे भाऊ?" मी सांगितलं, आता हा फोन कंपनीची सही विचारणार नाही, आणि ते रोज चालू करताना तुम्हाला सांगत राहील. त्यानंतर टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी टाकली, आणि सगळ्यांत आधी फोनच्या मेमरीतल्या ईएफएस या भागाचा बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवला. आयएमईआय नंबरचा संबंध तिथे असतो. तो भाग उडाला की फोन नेटवर्क पकडत नाही, मग सगळी मेहनत पाण्यात. मग डेटा फॉरमॅट, मग रॉम. पहिल्यांदा चालू व्हायला काही मिनिटं लागतात, तेव्हा लोक घाबरून पॉवरचं बटण दाबतात. दाबू नका.

या मॉडेलवर हौशी लोकांनी अँड्रॉइड १२-१३ पर्यंतच्या रॉम चालवून दाखवल्या आहेत. कंपनीने सोडून दिल्यावर कितीतरी वर्षं, पगार न घेता, रात्री जागून. आता त्या फोनमध्ये सिम नाही, बँक नाही. मुलगी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघते, दादा संध्याकाळी हवामान आणि कापसाचे भाव बघतो. दुकानदाराने भंगार ठरवलेली वस्तू घरात कामाला आली, याचा मला जो आनंद होतो तो नव्या फोनच्या खोक्यात होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि हीच मला जास्त ठासून सांगायची आहे.

आमच्या बॅचमधल्या एका पोराने घरातला एकुलता एक स्मार्टफोन अनलॉक केला. कारण गेममधली फ्रेम वाढवायची. डेटा उडाला ते ठीक, बॅकअप होता. पण जूनचा पहिला आठवडा, कापसाचं बियाणं घ्यायची घाई, आणि काका, म्हणजे त्याचे वडील, तो फोन घेऊन कृषी केंद्रात उभे. बँकेचं ॲप उघडलं तर 'हे डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणून बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. काकांचा आवाजच उतरला. पोराला फोन करून त्यांनी एकच विचारलं, "मना पैसा बुडी ग्यात का रे?" पैसे कुठे गेले नव्हते, ते बँकेत होते. पण ज्याच्यासाठी बँक म्हणजे हातातला तो एक पडदा, त्याला हे त्या क्षणी कोण पटवणार? शेवटी सिम काढून पुतण्याच्या फोनमध्ये घातलं, यूपीआय नव्याने नोंदवलं, आणि बियाणं दुसऱ्या दिवशी आलं.

हे ॲप कसं ओळखतं? ॲप गुगलला विचारतं, की मी ज्या फोनवर चालतोय तो कंपनीने दिलेल्या अवस्थेत आहे का. पूर्वी याला सेफ्टीनेट म्हणत, आता प्ले इंटिग्रिटी. बूटलोडर उघडा असेल तर उत्तर नकाराचं येतं. मग ॲपने चालायचं की नाही ते त्या त्या बँकेने ठरवायचं. एखादं ॲप आज चालतं आणि पुढच्या अपडेटला थांबतं. पोरं म्हणतात, "सर, मॅजिस्क टाकून लपवता येतं." मॅजिस्क म्हणजे रूट करायचं साधन. येत होतं. पण मे २०२५ पासून गुगलने अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर ही तपासणी थेट हार्डवेअरमधल्या सुरक्षित भागातून करायला घेतली. त्याला चकवायला आता दुसऱ्या फोनमधून फुटलेल्या किल्ल्यांच्या फायली टेलिग्रामवरून आणून टाकतात. ती किल्ली गुगलने रद्द केली की पुन्हा नवी शोधा. थोडं थांबून विचार करा. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा माणसाचं मॉड्यूल तुम्ही रूटच्या अधिकाराने अशा फोनवर चालवताय, ज्यावर वडिलांच्या खात्याचे ओटीपी येतात. कापसाचे पैसे, पीकविम्याचे पैसे, अनुदान, सगळं तिथेच. इथे माझं उत्तर कायम नाहीच आहे.

बाकीची नुकसानं त्यामानाने लहान. बऱ्याच फोनवर वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी व्यवस्था, एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर येते, मग सिनेमाच्या ॲपमध्ये एचडी दिसत नाही. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज असतो. बाहेरची सिस्टीम टाकली की तो कायमचा उडतो, मूळ सॉफ्टवेअर परत मारलं तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही. वॉरंटीबद्दल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वाद घालायची तयारी ठेवा.

आणि मुळात पोरांना हवं असतं काय? आयकॉन वेगळे, जाहिराती बंद, कंपनीने भरून दिलेली ॲप गायब. यातल्या एकालाही अनलॉक लागत नाही. लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, बदला, अर्धा चेहरा बदलतो. सॅमसंग असेल तर त्यांचं गुड लॉक हे ॲप बघा. जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस ही सेटिंग आहे, त्यात जाहिराती अडवणारा पत्ता एकदा टाकला की बहुतेक कटकट जाते. नको असलेल्या ॲपसाठी आम्ही क्लासमध्ये एक तासच ठेवलाय. यूएसबी डीबगिंग चालू करायचं, लॅपटॉपला लावायचं, एडीबी या लॅपटॉपवरच्या टूलमध्ये हुकमाची एक ओळ लिहून ते ॲप आपल्या युजरपुरतं काढून टाकायचं. मूळ फाइल सिस्टीममध्ये राहते, त्यामुळे फॅक्टरी रीसेट केलं की परत येते, म्हणजे चुकून भलतंच काढलं तरी फोन कायमचा मरत नाही. एका मुलीच्या फोनवर लॉकस्क्रीन उघडली की रोज नवा फोटो आणि त्याखाली जाहिरात यायची. तिला वाटायचं फोनमध्ये व्हायरस आहे. एका ओळीत गेलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असताना फोन तापतो, त्याला रॉम बदलणं हा उपाय नाही. फोनमध्ये सोय असेल तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा, आणि चार्जिंगला लावून गेम खेळू नका.

आता मला ज्याचा खरोखर राग येतो ते. मी नको म्हणतोय ते कुणी स्वतःच्या परिस्थितीकडे बघून नको म्हणावं म्हणून. कंपनीने ते दारच भिंत घालून बंद करावं, याला माझा पाठिंबा नाही. ह्युआवेने २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं थांबवलं. सॅमसंगने २०२५ मध्ये आपल्या वन यूआय ८ या सिस्टीमपासून तो पर्यायच काढला. शाओमीच्या हायपर ओएसमध्ये खातं महिनाभर जुनं हवं, त्यांच्या कम्युनिटी ॲपमध्ये अर्ज करायचा, आणि रोजचा कोटा ठरलेला. तो बीजिंगच्या मध्यरात्री उघडतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला. मी पोरांना त्या वेळेला घड्याळ समोर ठेवून स्क्रीनवर बोट आपटताना बघितलंय. फोन आपला, बिल आपल्या नावाचं, आणि अर्ज परक्या देशातल्या मध्यरात्री.

जोपर्यंत कंपनी सुरक्षेचे अपडेट देते, तोपर्यंत तिने लॉक ठेवावं, अटी घालाव्यात, मला मान्य आहे. पण ज्या दिवशी ती अपडेट बंद करते, त्या दिवशी अनलॉकची परवानगी कोणताही अर्ज न घेता मालकाला मिळाली पाहिजे. पिक्सेल ८ ला आणि गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन आहे, चांगली गोष्ट आहे. पण ते फोन आपल्या बॅचमध्ये कुणाकडे आहेत? इथे फोन मोठ्या भावाकडून लहान भावाकडे येतो, नाहीतर जळगावला गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड येतो. अपडेट संपलेला फोन आमच्या भागात आणखी चार-पाच वर्षं चालवायचा असतो. त्या चार-पाच वर्षांचं काय, याचं उत्तर आजवर रॉम बनवणाऱ्या त्या अनोळखी पोरांनीच दिलंय, कंपन्यांनी नाही.

सेकंडहँडवरून आठवलं. वापरलेला फोन घेताना दुकानदारासमोर तो बंद करून चालू करा आणि पहिला पडदा नीट बघा. 'अनलॉक्ड', उघडं कुलूप, किंवा बूटलोडर अनलॉक आहे असा नारिंगी-पिवळा इशारा दिसला तर त्या फोनमध्ये आधीच्या माणसाने काय घालून ठेवलंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. तो घेतलाच तर आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण मारून मगच वापरा. आणि मूळ सॉफ्टवेअर नसताना बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका. वर दुसरी रॉम असताना लॉक मारलं की बहुतेक फोन तिथेच अडकतात, आणि मग दुकानात 'डेड आहे' असं ऐकावं लागतं. पिक्सेलसारख्या थोड्या फोनमध्ये स्वतःची सही घालून पुन्हा लॉक करता येतं, ग्राफीन ओएस ही रॉम त्यावरच चालते. पण ते अपवाद आहेत.

ज्यांच्याकडे खरंच असा जुना, बिनकामाचा झालेला फोन आहे, त्यांनी आधी लीनेज ओएसच्या यादीत त्याचं सांकेतिक नाव शोधा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. रेडमी नोट ४ याच नावाचे दोन फोन होते, एकात स्नॅपड्रॅगन आणि एकात मीडियाटेक, आणि एकाची रॉम दुसऱ्याला चालत नाही. तुमच्या फोनचं नाव यादीत नसेल आणि फक्त टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर फाइल मिळत असेल, तर त्यात फक्त व्हिडिओ-गाणी ठेवायची तयारी असेल तरच टाका, कुठलंही खातं त्यावर उघडू नका. यादीत असेल तर शनिवारी दुपारी क्लासला घेऊन या. फोटो आधी काढून ठेवा, सिम घरी ठेवा, आणि चार्जिंगपुरती नाही तर डेटा जाणारी केबल आणा.